सातखणीचा विटा

सातखणी गडावर चढून आलेल्या पाहुण्यांना मेटवाडीची माणसे आधी पाणी देतात आणि मग दम देतात. पाणी टाक्यातले, थंडगार. दम त्या भोकाबद्दलचा. पडक्या सदरेच्या मागे, निवडुंगाच्या आडोशाला, कातळात माणूस वाकून शिरेल एवढे एक तोंड आहे. आत पायऱ्या उतरतात. एकाखाली एक असे सात खण डोंगराच्या पोटात कोरलेले आहेत, म्हणून गडाचे नाव सातखणी. कोणी त्याला धान्याचे कोठार म्हणतो, कोणी कैद्यांची अंधारकोठडी. म्हणू द्या. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरे कपाळाला दिवे बांधून येतात. मोबाइलवरच्या खेळात एकेक तळघर उतरत गेले की शेवटी जादूचे हत्यार मिळते, तसलेच काहीतरी त्यांच्या डोक्यात असते. दुसऱ्या खणापर्यंत त्यांचे हसणे वर ऐकू येते. तिसऱ्यातून बहुतेक जण माघारी फिरतात. काय पाहिले ते आम्ही विचारत नाही, शेंगदाणे आणि गूळ पुढे करतो.

मागे एकदा या तोंडाला लोखंडी जाळी बसवायला माणसे आली होती. कोणी आत पडू नये म्हणून, म्हणजे हेतू चांगलाच. गावातल्या बायका आल्या आणि तोंडाशी नुसत्या बसून राहिल्या. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत, उठल्याही नाहीत. जाळी आली तशी परत गेली. हे तोंड बुजवायचे नाही, झाकायचे नाही, त्याला दार लावायचे नाही. ते का, याची हकीकत मेटवाडीत सांगतात ती अशी.

फार पूर्वी, गडावर कोणाचे राज्य होते हेही आता कोणाला ठाऊक नाही, त्या काळच्या राजाने एका लोहाराला सातव्या खणात कोंडले. कधीच चुकणार नाही असे हत्यार कर, ते झाले की वर ये, असे त्याला सांगितले. लोहाराने खाली भट्टी पेटवली. बायकापोरे वर, तो खाली. ऐरणीवर घण पडे तसे तो कोंडणाऱ्या राजाचे नाव घेई, प्रत्येक घावाला एकदा. लोखंड ते ऐकत ऐकतच घडले. शेवटचा घाव पडला, सवयीने नाव तोंडातून निघाले, आणि तापलेले हत्यार ऐरणीवरून आपले आपण उठले. ते सातही खण चढून गेले, सदरेवर बसलेल्या राजाच्या छातीतून आरपार झाले आणि पुन्हा लोहाराच्या हातात येऊन पडले. राजा गेला. पण त्या गोंधळात लोहाराला वर काढायचे कोणाला सुचलेच नाही, असे सांगतात.

ते हत्यार म्हणजे विटा. विटा हा आखूड भालाच, फक्त त्याच्या मागच्या टोकाला दोर असतो. दोर मनगटाला गुंडाळायचा, भाला फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. जुन्या लढवय्यांचे ते नेहमीचे शस्त्र. पण सातखणीच्या विट्याला नेम धरावा लागत नसे, नाव घ्यावे लागे. सातव्या खणात उभे राहायचे, माणसाचे नाव त्याच्या बापाच्या नावासकट मोठ्याने घ्यायचे आणि डोळे मिटून फेकायचा. तो माणूस चार डोंगरांपलीकडे असो की पहाऱ्यात झोपलेला असो, विटा त्याच्या काळजात शिरूनच परत यायचा. दोर दिसायला हातभर, सुटला की त्याला अंत नसे. हुद्दा, टोपणनाव, नुसती हाक, यातले काही त्याला कळत नसे. बारशाला ठेवलेले नावच लागे. आणि वर उजेडात आणला तर ते निव्वळ लोखंड, त्याने कोंबडीही मरायची नाही.

हे सगळे फुकट नव्हते. फेकणाऱ्याचा हात जाई. प्रत्येक नावागणिक बोटांकडून वर गारठा चढे, आणि जिथवर चढे तिथवर कातडी तव्याच्या बुडासारखी काळी पडून हात बधिर होई. म्हणून कित्येक पिढ्या विटा खालीच पडून होता. त्याच्या वाट्याला कोणी गेले नाही.

मग गडावर रखमाजी हवालदार आला. हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अंमलदार. माणूस शूर होता, हे नाकारून चालणार नाही. पण शूर माणसाला शेजारी कोणी नको असले की तो कसा होतो, ते या गडाने पाहिले. त्याला आसपासचे सगळे खोरे आपल्या मुठीत हवे होते. विट्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि त्याने वेठीला धरलेली माणसे भोकात उतरवली. किती उतरली आणि किती वर आली याची कोणाला दाद ना फिर्याद. शेवटी सिदू नावाचा एक पाईक तळाला पोचला. त्याने हवालदाराने सांगितलेले नाव घेतले आणि दोन दिवसांनी बातमी आली की पलीकडच्या गडाचा किल्लेदार जेवता जेवता पानावर कोसळला, छातीला बोटभर भोक, घरात परका माणूस नाही.

सदरेवर सिदूला पागोटे बांधले. सिदू खूश होता. काळी पडलेली बोटे मिरवीत तो हसून म्हणाला, "हवालदार, आता मला कुनाचंच भ्या न्हाय."

रखमाजीही हसला. पण त्या वाक्यावर तो झोपला नाही. ज्याच्या हाती विटा त्याला कोणाचेच भय नाही, म्हणजे आपलेही नाही. उद्या हा खाली गेला आणि त्याने आपलेच नाव घेतले तर? दुसऱ्या दिवशी सिदू कड्यावरून पडला. पाय घसरला, असे सांगण्यात आले. गावाने ते ऐकून घेतले.

आता दुसरा हात शोधायला हवा होता. स्वतःचा हात घालवायची रखमाजीची तयारी नव्हती. उजवा हात गेलेल्या हवालदाराला कोण विचारतो? पाईक नको, कारभारी नको, सख्खा भाऊही नको. नाव कोण घेणार नाही, या एकाच गोष्टीचा तो विचार करीत बसला, आणि विचार करता करता त्याची नजर परसात भाकऱ्या थापणाऱ्या बायकोवर गेली.

तिचे नाव भिवरा. खालच्या धामणखोऱ्यातली. आईवेगळी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढलेली. तिच्या माहेरी आणि सासरी, किंबहुना त्या काळी सगळ्या खोऱ्यात, बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, असे सगळे मानत. "धनी", "हे", "घरचे", यावरच जन्म जाई. अगदी लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला बायकांनी अडवलेच तर उखाण्यात गुंडाळून एकदा घ्यायचे आणि लाजून आत पळायचे.

"जिच्या तोंडून माजं नाव निघायचं न्हाय, तिच्याच हाती विटा," रखमाजी कारभाऱ्याला म्हणाला. "इतकं भरवशाचं मानूस खोऱ्यात दुसरं कुनी न्हाय. आन् बाईचा हात, त्यो काय चुलीलाच लागतो."

कारभारी हसला आणि त्याने हवालदाराच्या अकलेला मुजरा केला. पण रखमाजी कच्चे काम करणारा नव्हता. त्याच दिवसापासून भिवराला लग्नाकार्याला जाणे बंद झाले. हळदीकुंकू बंद, बारसे बंद, चार बायकांत बसणे बंद. उखाण्याचासुद्धा प्रसंग यायला नको.

भिवरा पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा तिला काय करायचे ते धड सांगितलेलेही नव्हते. ते नाव तिच्या ओळखीचे नव्हते. विटा हातातून सुटला, परत आला, आणि बोटांची टोके गार पडली. शत्रू होता, असे तिला सांगितले, आणि तिने ते धरून ठेवले. दुसरे नावही शत्रूचे होते. तिसरे नाव लखू बिन कान्हू.

लखू धनगर गडाच्या माळावर मेंढ्या चारायचा. शेळी व्याली की खरवसाचे दूध आठवणीने भिवराकडे पोचते करायचा. आठवडा झाला असेल, हवालदार घोड्यावरून पडला होता आणि लखूला हसू आवरले नव्हते. एवढाच त्याचा गुन्हा. भिवराने हातापाया पडून पाहिले. रखमाजी म्हणाला, "तू न्हाय घेतलंस तर मी त्याला हितं आनून जितं सोलीन. तुज्या हातनं निदान झटदिशी मरंल." तिला ते खरे वाटले. खरेच होते ते. ती उतरली, नाव घेतले, डोळे मिटले. विटा परत आला तेव्हा टोकाला घोंगडीची काळी लोकर अडकलेली होती. त्या दिवशी ती वर आली आणि परसात जाऊन ओकली. मग हात धुऊन स्वयंपाकाला लागली, कारण जेवायची वेळ झाली होती.

त्यानंतर पुष्कळ नावे झाली. ज्याने वेठीला माणूस दिला नाही त्याचे, ज्याने सदरेवर उलट उत्तर केले त्याचे. गारठा मनगटापर्यंत चढला, मग कोपरापर्यंत. उजव्या हाताने भाकरी थापता येईना म्हणून ती डाव्या हाताने थापू लागली. भाकरी एका बाजूने जाड व्हायची, आणि तीच भाकरी पुढ्यात आली की रखमाजी ताट भिरकावून द्यायचा. आमच्या मेटवाडीने या काळात काय केले म्हणाल, तर कानावर हात ठेवले. भिवरा पाण्याला आली की बायका पोरांना पदराखाली घेत आणि घागर अर्धी भरून निघून जात. कोणी तिच्याशी बोलले नाही. लोक हवालदाराला भीत होते आणि द्वेष मात्र तिचा करीत होते, कारण तिचा करणे सोपे होते.

हे सगळे धामणखोऱ्यात नावजीच्या कानावर गेले. नावजी म्हणजे तो कडेवर वाढलेला भाऊ. आता तो खोऱ्याचा म्होरक्या झाला होता. गडावरून पळून आलेली घरेच्या घरे त्याने आपल्या गावात वसवली होती, आणि वेठीला एकही माणूस पाठवणार नाही असे कळवून टाकले होते. भाऊबीजेला तो उघड उघड गडावर आला. भिवराने त्याला पाटावर बसवले आणि डाव्या हाताने ओवाळायला घेतले.

"उजवा कुटं गेला, आक्का?" नावजीने विचारले.

तिने पदर बाजूला केला. मग त्याने तो काळा हात दोन्ही हातांत घेतला, आणि तिला त्याचा स्पर्श कळला नाही. तेव्हा ती रडली. इतक्या नावांत रडली नव्हती ती.

"नावज्या, तू जा. लांब जा. कोकनात उतर, कुटंबी जा."

"पळून काय हुतंय?" तो म्हणाला. "मी कुटंबी गेलो तरी नाव तर माज्या संगट येनार."

जाताना तो सरळ सदरेवर गेला. पाईक, कारभारी, गावकरी सगळे बसलेले असताना त्याने रखमाजीकडे बोट केले. "हवालदार, आमी बहीन दिली ती दोन हातांची दिली हुती. तुमच्यात दम आसंल तर सोताचा हात काळा करा. बाईच्या पदराआडनं मानसं मारतासा, लाज न्हाय वाटत?"

असे बोलून तो तसाच गड उतरून गेला. त्याच्यावर हात टाकायची कोणाची छाती झाली नाही, आणि रखमाजीनेही टाकू दिली नाही. त्याला तसे नको होते. त्याला ते बहिणीच्याच हातून हवे होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलता कलता रखमाजीने सगळ्या मेटवाडीला भोकाच्या तोंडाशी गोळा केले. सगळ्यांनी बघावे, अशी त्याची इच्छा होती. भिवराला पुढे उभी करून तो म्हणाला, "नावजी बिन दादजी."

ती हलली नाही. "माजं घ्या," ती म्हणाली. "माजंच नाव घेते मी. त्याला सोडा."

"घे की. तुजा हात तसाबी सपत आलाय," रखमाजी म्हणाला. "वरसवाडीची पोरगी बघून ठिवलीया मी. मार्गशीर्षात तिला हितं आनतो. कवळा हात हाय. तुज्या भावाचं नाव तिच्या तोंडून पयलं घेतो. बोल, तुला कसं पायजे?"

म्हणजे ती मेली तरी नावजी जगणार नव्हता. वर तिच्या जागी आणखी एका पोरीचा हात त्या विट्याला जाणार होता. भिवराने पेटता पलोता घेतला आणि वाकून आत शिरली.

पहिल्या खणात वटवाघळांची घाण आणि त्यांची फडफड. ती तिला नवी नव्हती. पुढच्या खणात छत इतके खाली येते की पोटावर सरकावे लागते. तिथे वेठीच्या माणसांपैकी कोणाचे तरी पागोटे अजून पडलेले होते आणि दर खेपेला ते तिच्या अंगाखाली यायचे. त्याच्या खालच्या खणात हवा कुजलेली, पलोता फडफडून निळा होतो, तिथे श्वास कोंडून पळावे लागे. मग दोन खण गळ्याइतके काळे पाणी. सहाव्या खणाची तऱ्हाच वेगळी. तिथे भिंती गुळगुळीत आहेत आणि खाली बोललेला शब्द तिथून वर चढत जातो, वरचा खाली येतो, जणू शेजारीच कोणी बोलतेय. आणि त्याखाली लोहाराची भट्टी. राख अजून होती. ऐरणीवर विटा पडलेला होता, वाट बघत असल्यासारखा.

तिने दोर मनगटाला गुंडाळला. मनगटाला तो कळला नाही. ती ऐरणीवर बसली आणि भावाचा विचार करू लागली. कडेवर असताना तो तिचे केस ओढायचा. त्याचे नाव तिनेच ठेवले होते, बारशाला आत्या नव्हती म्हणून. ते नाव या लोखंडाला द्यायचे?

मग दुसरे नाव तिच्या मनात आले. आले आणि ती दचकली. इतकी वर्षे विटा हातात होता आणि हे तिच्या मनात एकदाही आले नव्हते, यावर तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. रखमाजीने ओळखले होते ते नेमके हेच. भीतीने ती गप्प राहिली असती तर एक ना एक दिवस तिने ते घेतले असते. ती भीत नव्हती, तिला ते सुचतच नव्हते.

"धनी," ती हळू म्हणाली आणि विटा पुढे ढकलला. तो पायाशी खळकन पडला. तिने उचलला. "हवालदार." पुन्हा पडला. विट्याला हुद्दा कळत नाही. तिने ओठ आवळले, उघडले. पहिले अक्षर जिभेवर आले आणि तिथेच चिकटून बसले. आई नव्हती, पण आजीने, मावशीने, शेजारणींनी, सगळ्यांनी मिळून लहानपणापासून त्या जिभेला गाठ मारून ठेवलेली होती. नाव घेतले तर त्याचे आयुष्य जाईल. आयुष्य घालवायलाच तर बसली होती ती इथे. तरी तोंड उघडेना. तिला स्वतःची चीड आली. लखूचे नाव घेताना हेच तोंड उघडले होते. खरवस देणाऱ्याचे नाव निघाले, आणि ताट भिरकावणाऱ्याचे निघत नाही.

तेवढ्यात सहाव्या खणातून रखमाजीचा आवाज खाली आला. "झालं का न्हाय? का भावाचं नाव लईच लांबलचक हाय?"

आणि त्याच्या मागोमाग वरचे हसणे आले. पाईक हसले, कारभारी हसला. त्यात मेटवाडीची माणसेही हसली, हवालदार बघतोय म्हणून हसली, पण हसली. हे आमच्या गावात अजून सांगतात, लपवत नाहीत.

भिवरा उठली. तिने डोळे मिटले नाहीत.

"रखमाजी बिन येमाजी."

वर सगळ्यांनी ते ऐकले. एकेक खण चढत, पाण्यावरून, सरपटायच्या जागेतून ते नाव तोंडाशी आले. हसणे जिथल्या तिथे थांबले. बायकांनी कान झाकले. एकट्या रखमाजीच्या काही ध्यानात आले नाही. बायकोच्या आवाजात आपले नाव त्याने उभ्या जन्मात ऐकलेले नव्हते, त्यामुळे तो आवाज त्याला ओळखूच आला नाही. तो कारभाऱ्याकडे वळून म्हणाला, "कोन हाक मारतंय रं मला?"

विटा तोपर्यंत आला होता.

भिवरा वर आली तेव्हा पलोता विझलेला होता. सातही खण ती अंधारात चढली. उजवा हात खांद्यापर्यंत काळा, नुसता लोंबत होता. तोंडाशी रखमाजी पालथा पडला होता, आणि मेटवाडी जशीच्या तशी उभी होती. कोणाला हलायचे सुचले नव्हते. तिने त्याला ओलांडले, डाव्या हाताने आपले कुंकू पुसले आणि हात लुगड्याला पुसला.

गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. मेलेल्या माणसांबद्दल नाही, लखूबद्दल नाही, तिने वेगळेच विचारले. "नवऱ्याचं नाव घेतलंस, भिवरे?"

"घेतलं," भिवरा म्हणाली आणि तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमी सगळे हासत हुता. समद्यांची नावं मला पाठ हायती. कुनाचं घ्यायचं ऱ्हायलंय?"

गाव मागे सरले, असे सांगतात. एकमेकांचे पाय तुडवत सरले. कारभारी आणि पाईक तर त्याच दिवशी गड उतरून पसार झाले. नंतर चार शहाणी माणसे तोंड बुजवायला दगड घेऊन आली, तर भिवरा वाटेत बसून राहिली. "उघडंच ऱ्हाऊ द्या. झाकलं की इसराल." नावजी तिला माहेरी न्यायला आला. तिने त्याच्या तोंडावरून डावा हात फिरवला, पोटभर बघून घेतले आणि त्याला परत पाठवले. तिने विटा पुन्हा उचलला नाही. पण उचलणार नाही असेही कोणाला सांगितले नाही, आणि तेवढ्यावर ती असेपर्यंत खोऱ्यात वेठ बंद राहिली.

मार्गशीर्षात वरसवाडीच्या त्या पोरीचे लग्न झाले. तिचे नाव मंजुळा. हवालदार गेला, म्हणून घरच्यांनी तिला मेटवाडीतल्याच एका मेटकऱ्याला, म्हणजे गडाच्या चौकीवरच्या पहारेकऱ्याला दिली. पोरगा साधा होता, त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. वरात गावात शिरली आणि वाटेत भिवरा उभी. वाजंत्री बंद पडली. भिवराने नवरीचा हात धरला, गडावर नेले आणि त्या तोंडाशी उभे केले. नवरदेव आणि वऱ्हाड मागोमाग गेले, कारण जाऊ नका म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

"घे नाव," भिवरा म्हणाली. "उखाना नगं. नुसतं घे. बापाच्या नावासकट."

मंजुळाने नकारार्थी मान हलवली. "आसं कसं घिऊ, बाई? त्यांचं आयुष्य कमी हुईल."

"नावानं कुनी मरत न्हाय, पोरी. मी सांगते की," भिवरा म्हणाली. "ह्यो चांगला निघंल. निघंलच. पर तोंडाला सवय आसू दे. माजं लई अडकलं हुतं."

पोरीने वाकून त्या अंधारात नाव घेतले. खाली सहाव्या खणात ते घुमले आणि परत वर आले. नवरदेवाच्या तोंडचे पाणी पळाले होते. भिवरा त्याच्याकडे वळली. "ऐकलंस का रं?"

आजही मेटवाडीत लग्न लागले की वरात आधी घरी जात नाही, गडावर जाते. खोऱ्यातल्या बाकीच्या गावांत उखाणे होतात, थट्टा होते. इथे होत नाही. नवरी सातखणीच्या तोंडाशी वाकते आणि नवऱ्याचे नाव बापाच्या नावासकट नुसते घेते. मग खालून विटा वर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहतात. शिकलेले, शहरात नोकरी करणारे नवरदेवही उभे राहतात. काही येत नाही. मग नवरदेवाने नवरीकडे बघून म्हणायचे असते, "ऐकलं." हळू म्हटले तर बायका पुन्हा म्हणायला लावतात.